दुसरी प्रत कोठे ठेवावी?

'लीळाचरित्र' शिकविताना मराठीच्या अध्यापकाला एका प्रश्नाला हटकून तोंड द्यावे लागते. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या साहाय्याने, गावोगाव हिंडून, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपुरास जो ग्रंथ सिद्ध केला त्याचे इतके निरनिराळे पाठ कसे झाले? महानुभाव परंपरा त्याचे उत्तर देते ते असे : परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि पुढे शिष्यांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा जुळविली. पोथी एकाच ठिकाणी होती, म्हणून एका आघाताने गेली. पुढील काळात पंथाच्या पोथ्या मठामठांतून, थेट पंजाबापर्यंत पसरल्या, म्हणून अनेक आघात सोसूनही त्या आपल्या हाती आल्या.

हा जुना वृत्तान्त येथे सांगण्याचे कारण असे की, आपल्या शाळा, वाचनालये आणि साहित्यसंस्था आज पुन्हा त्या एका पोथीच्या अवस्थेस आल्या आहेत. नियतकालिकांचे जुने अंक, शतसांवत्सरिक ग्रंथ, संस्थेची इतिवृत्ते यांची पाने यंत्रावर टिपून ती एका सर्व्हरवर ठेवावयाची, आणि जीर्ण झालेला कागद मग माळ्यावर किंवा रद्दीत जावयाचा, असा क्रम सर्वत्र दिसतो. बऱ्हाणपूरसारख्या गावी तर ही गोष्ट अधिकच चिंतेची आहे. १९५६ च्या पुनर्रचनेपूर्वी निमाड जिल्हा ज्या मध्यप्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदीच्या जोडीने मराठी ही तेथे राज्यकारभाराची भाषा होती. नव्या राज्यात मराठीचे ते स्थान राहिले नाही. येथील मराठी पत्रके, स्मरणिका, नाट्यमंडळ्यांची हस्तपत्रके यांची दुसरी प्रत पुण्यामुंबईच्या ग्रंथालयात असेलच असे नाही. पुष्कळदा जी येथे आहे ती एकमेव असते.

सर्व्हर म्हणजे अनेकांना एकाच वेळी सेवा देणारा, बहुधा दिवसरात्र चालणारा संगणक. वाचनालयाची सूची 'कोहा'सारख्या प्रणालीत असेल तर ती याच संगणकावर असते. त्याच्यातील हार्ड डिस्क हे फिरते यंत्र आहे व प्रत्येक फिरते यंत्र केव्हातरी थांबते; निमाडातील वैशाखाची उष्णता आणि वेळी-अवेळी जाणारी वीज तो दिवस जवळ आणतात. म्हणून सर्व्हरवरील संग्रहाची एक राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, दुसऱ्या यंत्रावर नित्य जात राहावी, अशी योजना करतात. हे दुसरे यंत्र पुष्कळदा नेटवर्क स्टोरेज, संक्षेपाने नॅस, या प्रकारचे असते : दोन किंवा चार डिस्का बसतील एवढी पेटी, तिला स्वतःचा एक लहानसा संगणक, आणि नेटवर्कची एक तार. साधी बाहेरची डिस्क एका संगणकाच्या खाचेत खोवावी लागते. नॅस मात्र जाळ्यावर कोठेही, वेगळ्या खोलीत किंवा वेगळ्या मजल्यावर, ठेवता येते.

बऱ्हाणपूरकरांना ही रचना समजावून सांगण्यास दूर जाण्याचे कारण नाही. अब्दुर्रहीम खानखानानच्या कारकीर्दीत, १६१५ च्या सुमारास, या शहरासाठी जी जलव्यवस्था निर्माण झाली आणि जिचा कुंडी भंडारा २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आला, ती त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. सातपुड्याकडून तापीकडे भूमीखालून झिरपणारे पाणी भुयारी मार्गांत अडवावयाचे, वर शंभराहून अधिक कुंड्यांची ओळ, आणि केवळ उताराच्या बळावर ते पाणी शहराकडे आणावयाचे. साठा एकीकडे, उपयोग दुसरीकडे, मध्ये मार्ग. नेटवर्क स्टोरेजचे तत्त्व याहून निराळे नाही. आणि त्याचे दोषही तेच आहेत. भुयार कोठे चोंदले तर भंडारा भरलेला असूनही शहर कोरडे राहते. आणि पाणी एकच असल्यामुळे एका कुंडीत जे कालवले जाईल ते पुढे सर्वांना प्यावे लागते. या दोन दोषांचा विचार पुढे येणारच आहे.

आता जोडणीकडे वळू. प्रथम नॅसला जाळ्यावर एक कायमचा पत्ता द्यावा. तो दररोज बदलत राहिला तर सर्व्हरला ते सापडणार नाही. मग त्यावर राखीव प्रतींसाठी एक स्वतंत्र विभाग करावा व तो केवळ या सर्व्हरलाच उघडा ठेवावा. सर्व्हर आणि नॅस यांनी परस्परांशी बोलावयाच्या दोन भाषा आज प्रचलित आहेत. सन कंपनीने १९८४ साली काढलेली एन.एफ.एस. ही लिनक्स-युनिक्स कुळातील सर्व्हरांना सोयीची, एस.एम.बी. ही विंडोज यंत्रांच्या वापरातील. पहिली माणसाला नावाने नव्हे तर क्रमांकाने ओळखते : सर्व्हरवर ज्याचा क्रमांक एक हजार एक, तो नॅसवरही एक हजार एकच असावा लागतो, नाही तर आपण लिहिलेली फाईल भलत्याच्याच नावावर चढते. शिवाय सर्व्हरच्या सर्वाधिकाऱ्यालाही नॅस बहुधा परका मानून त्याचे अधिकार काढून घेते. 'लिहिण्याची परवानगी नाही' ही तक्रार नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकू येते, तिचे मूळ बहुधा येथेच असते. दुसऱ्या भाषेत नाव आणि सांकेतिक शब्द देऊन प्रवेश मिळतो. तो शब्द सर्व्हरवर वेगळ्या फाईलीत, इतरांना वाचता येणार नाही असा ठेवावा.

परवानगी मिळाल्यावर सर्व्हरवर एक रिकामा फोल्डर करून त्या जागी नॅसचा विभाग जोडावयाचा. यास माउंट करणे म्हणतात. जोडला की तो फोल्डर सर्व्हरचाच एक भाग असल्यासारखा दिसू लागतो. त्यात ठेवलेले सारे तारेवरून नॅसमध्ये जाते. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तरी जोड आपोआप व्हावी म्हणून तिची नोंद सर्व्हरच्या कायम यादीत करतात. नोंदीत दोन गोष्टी सांगाव्या लागतात : जाळे सुरू झाल्यावरच जोडणी करावी, आणि नॅस सापडले नाही तरी सर्व्हरने अडून बसू नये.

येथेच या विषयातील सर्वांत फसवी गोष्ट दडलेली आहे. नॅस बंद आहे, तार निघाली आहे किंवा जोडणी झालेली नाही, अशा वेळी तो रिकामा फोल्डर नाहीसा होत नाही. तो सर्व्हरवर जागच्या जागी असतोच. रात्री दोन वाजता ठरल्या वेळी राखीव प्रत काढणारी प्रणाली जागी होते, फोल्डर पाहते, आणि सर्व प्रत इमानेइतबारे त्यातच, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर, लिहून ठेवते. सकाळी नोंदवहीत 'कार्य यशस्वी' असे दिसते. असे महिनोन्महिने चालू शकते. सर्व्हरची डिस्क भरून तो बंद पडला तरच हा प्रकार उघडकीस येतो. आणि डिस्कच बिघडली तर मूळ व प्रत दोन्ही एकदम जातात. भंडारा भरलेला आहे अशा समजुतीने लोक निश्चिंत असावेत आणि भुयार मात्र केव्हाच चोंदलेले असावे, तसा हा प्रकार. त्यावर उपाय सोपा आहे. नॅसच्या विभागात एक लहानशी खुणेची फाईल ठेवावी आणि ती दिसल्यावाचून प्रत काढू नये, असा नियम प्रणालीस घालून द्यावा. जोड नसेल तर खूण दिसणार नाही, काम थांबेल, आणि थांबल्याची वर्दी कोणा तरी माणसाकडे जाईल. ही वर्दी कोणाकडे जावी ते नावानिशी ठरवावे. 'कार्यालयाकडे' असे म्हटले म्हणजे ती कोणाकडेच जात नाही, हा संस्थांचा सार्वत्रिक स्वभाव आहे.

जागेचा व वेळेचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. ए-चार आकाराचे एक पान इंचास तीनशे बिंदू या प्रमाणात रंगीत टिपले आणि आवळून लहान केले नाही, तर सुमारे २५ मेगाबाइट होते. दोनशे पानांचे पुस्तक ५ गिगाबाइट, आणि अशी दोनशे पुस्तके म्हणजे १ टेराबाइट. गिगाबिट जाळ्यावरून सेकंदास ११० मेगाबाइटच्या आसपास जातात असे धरले तर एवढा संग्रह अडीच तासांत पोहोचतो. जुन्या शंभर मेगाबिटच्या स्विचवरून त्यालाच पंचवीस तास लागतील, म्हणजे एक रात्र पुरणार नाही. पहिली प्रत गेल्यावर पुढे केवळ बदललेल्या फाईली जातात, त्यामुळे नित्याचा भार थोडा. सूचीचा डेटाबेस मात्र चालू स्थितीत फाईल उचलून नेऊ नये. लेखनिक पान लिहीत असतानाच कोणी पोथी ओढून नेली तर वाक्य अर्धे तुटावे, तशी ती प्रत होते. त्याचा आधी सुसंगत उतारा काढावा आणि तो उतारा पाठवावा.

नॅस विकणारे आवर्जून सांगतात की, आत दोन डिस्का आरशासारख्या एकमेकींचे प्रतिबिंब आहेत, तेव्हा आणखी प्रतीची गरज नाही. या रचनेस रेड म्हणतात. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ मधील निबंधाने ते नाव रूढ केले. एक डिस्क गेली तरी काम चालू राहावे, एवढाच तिचा हेतू. एका डिस्कवर पुसलेले दुसरीवरही त्याच क्षणी पुसले जाते. ज्याला केवळ एकरूप करणे म्हणतात तोही प्रकार तसाच : सर्व्हरवर चुकून रिकामा झालेला फोल्डर रात्री नॅसवरही रिकामा होतो. म्हणून राखीव प्रत ही कालची, गेल्या आठवड्याची, गेल्या महिन्याची अशी वेगवेगळ्या दिवसांची असावी. बहुतेक नॅसमध्ये यासाठी स्नॅपशॉटची सोय असते. ती नॅसच्या बाजूने चालू करावी आणि तिचे अधिकार सर्व्हरला देऊ नयेत.

अधिकार न देण्याचे कारण कुंडीतील विषाचे आहे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रणालीने जगभर जो धुमाकूळ घातला तो एस.एम.बी. या भाषेच्या पहिल्या, जुन्या रूपातील दोषाच्या वाटेने. ती जुनी आवृत्ती नॅसवर आजही चालू असल्यास बंद करावी. तथापि मुख्य मुद्दा त्याहून मोठा आहे. जे भांडार सर्व्हरला सदैव जोडलेले आहे आणि ज्यात सर्व्हर हवे ते लिहू व पुसू शकतो, त्याचे नशीब सर्व्हरच्या नशिबाशी बांधलेले आहे. शक्य तेथे व्यवस्था उलटी करावी : सर्व्हरने नॅसमध्ये ढकलण्याऐवजी नॅसने सर्व्हरकडून ओढून घ्यावे. मग सर्व्हर शत्रूच्या हाती पडला तरी भांडाराची किल्ली त्याच्याजवळ नसते.

एवढे करूनही दोन्ही यंत्रे एकाच छपराखाली राहतातच. पुण्यात ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर झालेला हल्ला, किंवा १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, यांची आठवण पुरेशी आहे. एका इमारतीत ठेवलेले एकाच दिवशी जाऊ शकते. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला संकेत असा : प्रती तीन, माध्यमे दोन, आणि एक प्रत परगावी. बऱ्हाणपूरच्या संस्थेने नॅसवरून दर महिन्यास एका बाहेरच्या डिस्कवर उतारा घेऊन ती परगावच्या एखाद्या सभासदाकडे ठेवली तरी भागेल. भुसावळ सोयीचे खरे, परंतु तेही तापीकाठीच. त्यापेक्षा खंडवा बरे. डिस्का दोन असाव्यात व त्या आलटून पालटून जाव्यात, म्हणजे एक येथे भरली जात असता दुसरी तेथे सुखरूप असेल.

परगावी जाणारी प्रत कोणाच्याही हाती पडू शकते. सभासदांची माहिती, विद्यार्थ्यांच्या नोंदी तीत असतील तर ती सांकेतिक करावी. पण येथे महानुभावांचाच दुसरा धडा लक्षात घ्यावा. त्यांनी आपले ग्रंथ सकळा, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत लिहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे-भावे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या प्रयत्नांनी ती लिपी उलगडेपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते सारे वाङ्मय बंदच होते. त्यांच्यापाशी किल्ली जाणणारी परंपरा होती. आपल्या संस्थेत किल्ली एका चिटणिसाच्या स्मरणात असते आणि चिटणीस दर निवडणुकीस बदलतो.

जुन्या मराठी फाँटांतील मजकुराची अवस्था जवळपास अशीच आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टंकलेखित केलेले पुष्कळ लेख त्या त्या फाँटाच्या खाजगी संकेतात आहेत. फाँट गेला की देवनागरीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची ओळ उरते. असा मजकूर भांडारात टाकण्यापूर्वी युनिकोडमध्ये आणून ठेवावा, आणि मूळ फाईलही सोबत असू द्यावी. रूपांतरात जोडाक्षरे कोठे कोठे बिघडतात, तेव्हा ताडून पाहण्यास ती लागते.

ताडून पाहण्याची रीत आपल्या लेखनिकांना ठाऊक होती. पोथीच्या शेवटी ग्रंथसंख्या लिहीत, ती मोजली की प्रतीत काही गळले आहे काय ते कळे. संगणकावर तेच काम चेकसम करतो : फाईलीतील एक अक्षर जरी पालटले तरी तिची बेरीज बदलते. या बेरजा संग्रहाबरोबर जपाव्यात. याखेरीज प्रत्येक सत्राच्या शेवटी, कोणत्याही एका अंकाचे नाव चिठ्ठी टाकून काढावे आणि तो सर्व्हरकडे न पाहता परगावच्या डिस्कवरून उघडून, पानापानाने पाहावा. हे काम तंत्रज्ञाचे नव्हे, अध्यापकाचे आहे. पान उलटे आहे की ओळ तुटली आहे हे त्यालाच दिसते. नॅसचा पत्ता, जोडणीची नोंद, खुणेच्या फाईलीचे नाव, परगावच्या सभासदाचा ठावठिकाणा आणि सांकेतिक प्रतीची किल्ली, एवढे सारे एका कागदावर शाईने लिहून मोहोरबंद लिफाफ्यात कोषाध्यक्षाच्या तिजोरीत ठेवावे, आणि कार्यकारिणी बदलली की त्याच बैठकीत लिफाफा हातात घेतल्याची नोंद इतिवृत्तात करावी.