अब्बा-अम्मींना शहर दाखवताना

पाटोदा तालुक्यातून शिकायला बाहेर पडलेल्या मुलामुलींकडे आई-वडील वर्षातून एकदा तरी चक्कर मारतात. कुणी दिवाळीनंतर येतो, कुणी जत्रा आटोपून, कुणी कारखान्याचा पट्टा पडल्यावर. मुस्लिम घरांतला हा फेरा पुष्कळदा रमजानमध्ये होतो. ईदचे कापड द्यायचे असते, घरच्या शेवया पोहोचवायच्या असतात. शिवाय आपले लेकरू परक्या गावात रोजे कसे धरते, पहाटे सहरीला काय खाते, हे अम्मीला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे असते.

पाटोद्यात महाविद्यालय आहे. पदवीपर्यंत घरचा डबा चालतो. पुढे एम.एस्सी. करायचे म्हटले की बहुतेकांना मांजरसुंब्याचा घाट उतरावा लागतो. मग बीड, गेवराई, शहागडचा गोदावरीवरचा पूल, पाचोड आणि शेवटी छत्रपती संभाजीनगर. एसटीने चार-पाच तास जातात. २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून अम्मींचे येणे थोडे सोपे झाले आहे. त्याआधी दोघांचे भाडे जड जायचे, म्हणून अनेक घरांतून अब्बा एकटेच यायचे आणि मेसचे पैसे भरून संध्याकाळच्या गाडीने माघारी फिरायचे.

हे शहर मराठवाड्याच्या शिक्षणाचे दार आहे, पण ते फार जुने नाही. निजामाच्या काळात उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद. तिथे १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि शिकवण्याची भाषा उर्दू ठेवली गेली. १९२३ मध्ये औरंगाबादला सरकारी महाविद्यालय सुरू झाले. ‘बाबा-ए-उर्दू’ मौलवी अब्दुल हक यांनी याच शहरात राहून उर्दूचे मोठे काम केले आणि पुढे या महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केले, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या गरिबांच्या मुलांना पहिल्यांदा हक्काची जागा मिळाली. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १४ जानेवारी १९९४ ला त्याला बाबासाहेबांचे नाव लागले. आज बीड, जालना, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर हे चार जिल्हे या विद्यापीठाखाली येतात. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पहिला पदव्युत्तर माणूस याच आवारातून बाहेर पडला आहे.

त्यांपैकीच एक घर डोळ्यांपुढे आणू. अब्बा गवंडी. अम्मी घर सांभाळून वाकळा शिवते. मुलगी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, विद्यापीठाच्या वसतिगृहात. घराण्यात एवढे शिकलेले आधी कुणी नाही. मुलीसाठी एक स्थळ सांगून आले आहे. मुलगा चांगला आहे, पण त्या घरच्यांना थांबायचे नाही. मोठे चुलते म्हणतात, ‘और कितना पढ़ाते? ईद के बाद जवाब देना पड़ता.’ अब्बांनी अजून हो किंवा नाही काहीच म्हटलेले नाही. यातले मुलीला काही ठाऊक नाही. सहरी करून पहिल्या गाडीने निघालेले अब्बा शहर बघायला आलेले नाहीत. मुलगी कुठे राहते ते बघायचे आणि मगच काय ते ठरवायचे, म्हणून ते आले आहेत.

इतर धर्मीय वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत इस्लामने दिली आहे. सुटलेला रोजा नंतर धरता येतो. आजारी माणसालाही ही मुभा आहे. तरी गावाकडची माणसे ही सवलत सहसा घेत नाहीत. ‘बस में बैठनेकू कायकी मेहनत?’ असे म्हणून दोघेही रोजा धरूनच उतरतात. म्हणून ज्या मुलाला आई-वडिलांना फिरवायचे आहे, त्याने उन्हाचा हिशेब आधी करावा. चालणे सकाळी, दुपार सावलीत, बाजार अस्रच्या नमाजीनंतर. पाहुण्याला शहर दाखवणे वेगळे आणि उपाशीपोटी आलेल्या आई-वडिलांना दाखवणे वेगळे.

मुलीच्या मनात आधी मकबरा दाखवायचा असतो. अब्बांचे प्रश्न मात्र दुसरेच. पिण्याचे पाणी कुठून येते? रात्री लायब्ररीतून परतताना रस्त्यावर दिवे असतात का? दवाखाना किती लांब? म्हणून फेरीची सुरुवात वसतिगृहापासून होते.

मुलींच्या वसतिगृहात वडिलांना वर जाता येत नाही. अम्मी खोलीत जाते, अब्बा खाली बाकावर बसतात. समोर टेबलावर येण्या-जाण्याची नोंदवही असते. पाहुण्याचे नाव लिहायला ती पुढे सरकवली जाते आणि अब्बा सही करता करता मागची पाने चाळतात. रोज संध्याकाळी मुलीची सही आणि परत आल्याची वेळ. एक पान, दुसरे पान, तिसरे पान. चार महिने फोनवर मुलगी जे सांगत होती, ते इथे निळ्या शाईत लिहिलेले आहे.

वर अम्मी वेगळी चौकशी करते. सहरीच्या वेळी मेस बंद असते, तेव्हा मेसवाल्या मावशी रात्रीच चपाती-भाजीचा डबा बांधून ठेवतात. खोलीतली दुसरी मुलगी गेवराईकडची, हिंदू. अभ्यासाला ती पहाटे उठतेच, म्हणून गजर तीच लावते आणि हिला हलवून जागे करते. अम्मी पिशवीतून शेवयांचे एक पुडके जास्तीचे काढते आणि त्या मुलीच्या हातावर ठेवते. पाटोद्यातही शेजारच्या घरी ती असेच देते.

तिथून ग्रंथालय. मुलगी आपली नेहमीची खुर्ची दाखवते. मुसलमानांच्या श्रद्धेनुसार कुरआन याच महिन्यात उतरायला सुरुवात झाली आणि पैगंबरांना मिळालेला पहिला आदेश वाचण्याचा होता. जुम्म्याच्या बयानात अब्बांनी हे कितीदा ऐकले असेल. पण दीडशे मुले माना खाली घालून वाचत बसली आहेत आणि पंख्याखेरीज कशाचाही आवाज नाही, हे दृश्य ते पहिल्यांदाच बघतात. ते टेबलावर बोटे टेकवून काही वेळ उभे राहतात.

इथेच एक गोष्ट उघड होते. विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. गरजू विद्यार्थी दिवसातले काही तास विद्यापीठाचेच काम करतात आणि त्याचे मानधन मिळते. ओळखीचा शिपाई सहज बोलून जातो, ‘तुमची पोरगी कामाला चोख आहे.’ अब्बा चमकतात. मुलीने घरी हे सांगितलेलेच नव्हते.

‘पैसे कम पड़ते क्या?’

‘नै अब्बा. मेरे किताबां का मैं देखती.’

अब्बा पुढे काही विचारत नाहीत. बापाला अशा वेळी दोन गोष्टी एकदम होतात. आपण कमी पडलो याचे वाईट वाटते आणि लेक उभी राहिली याचे बरे वाटते. आई-वडिलांसमोर आवाज चढवू नये, कंटाळल्याचा उद्गारही काढू नये, असे कुरआन मुलांना बजावतो. पण पोरांनी आई-बापांना न सांगता उचललेल्या ओझ्याबद्दल काय बोलावे, हे कुणाला सुचत नाही.

जोहरच्या नमाजीला तिघे पाणचक्कीवर येतात. विद्यापीठापासून ती जवळच, खाम नदीच्या काठी आहे. मध्य आशियातून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा हा दर्गा. डोंगराकडच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर आणून इथे उंचावरून हौदात पाडले जाते आणि त्या पाण्याच्या जोरावर दगडी जाते फिरायचे. इथे येणाऱ्या मुसाफिरांना आणि फकिरांना लागणारे पीठ त्यावर दळले जाई. हौदाखाली मोठे दालन आहे. हौदाचा तळ म्हणजेच त्या दालनाचे छत, त्यामुळे उन्हाळ्यातही आत गारवा असतो.

अम्मी जात्यापाशी थांबते. माहेरी तिने पहाटे उठून दळण दळलेले आहे. वरची पाळी, मधला खुंटा, टाकी लावून खरबरीत केलेला दगड, हे सगळे तिला कुणी समजावून सांगावे लागत नाही. उलट तीच मुलीला सांगते की टाकी झिजली की पीठ भरड पडते. मुलगी इथे मैत्रिणींबरोबर चार वेळा येऊन गेली आहे, फोटोही काढले आहेत. जाते तिने आज पाहिले.

अस्रनंतर बेगमपुऱ्यातला बीबी का मकबरा. १६५७ मध्ये वारलेल्या दिलरास बानू बेगमची ही कबर. मुलगा आझमशाह याने आईसाठी ती बांधली, असे सांगतात. ताजमहालाशी तुलना करून तिला कमी लेखायची रीत पडली आहे. गवंडी मात्र तुलना करत बसत नाही. अब्बा भिंतीजवळ जातात, तळवा फिरवतात. खालचा पट्टा संगमरवराचा, घुमट संगमरवराचा आणि मधला भाग काळ्या दगडाचा, त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. ‘ये चूना है. पत्थर सरीका घोटेला,’ ते म्हणतात आणि पुढची दहा मिनिटे चुना मुरवणे, घोटणे आणि त्याला चकाकी आणणे यावर बोलतात. सकाळपासून गप्प असलेला माणूस इथे मोकळा होतो.

मुलगी त्यांना मुख्य दरवाजावरच्या लेखाची माहिती देते. त्यात इमारतीच्या आराखड्यासाठी अताउल्ला आणि बांधकामासाठी हंसपत राय अशी दोन नावे आहेत. अब्बा दाराकडे पाहत राहतात. ‘मिस्त्री का नाम कौन लिखता?’ एवढेच म्हणतात. तीस वर्षांत त्यांनी बांधलेल्या एकाही घरावर त्यांचे नाव नाही.

परतीच्या वाटेवर भडकल दरवाजा लागतो. १६१० मध्ये खडकी नावाने हे शहर वसवणाऱ्या मलिक अंबरने तो उभारला. जवळच त्याच्या नवखंडा महालाची जागा आहे आणि तिथे आज मुलींचे महाविद्यालय भरते. मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मुलगा होता आणि निजामशाहीचा वजीर झाला. त्याच्या महालाच्या आवारातून दप्तरे घेतलेल्या मुली बाहेर पडताना दिसतात. अम्मी रिक्षातून वळून वळून बघते.

शहागंजमध्ये इफ्तारच्या आधीची गर्दी. खजूर, टरबूज, शेवयांचे ढीग, तंदूरमधून निघणारे पिवळसर नान. नान-खलिया ही या शहराची ओळख आणि तिचे मूळ तुघलकाच्या फौजेपर्यंत नेऊन सांगतात. गेवराईची मैत्रीणही इफ्तारला येते. येताना तिने केळी आणि लिंबाचे सरबत आणले आहे. अजान होते. खजुराचा पहिला तुकडा अब्बा लेकीच्या हातावर ठेवतात. लहानपणी पहिल्या रोजाला ठेवला होता तसाच.

रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दोघे परत निघतात. बसमध्ये चुलत्यांचा फोन येतो. अब्बा म्हणतात, ‘उनकू बोलो, लड़की का और एक साल है. रुकते तो अच्छा. नै रुकते तो अल्ला मालिक.’ अम्मी खिडकीबाहेर पाहते. बोलत काही नाही, पण पदराने डोळे टिपते.

प्रत्येक घरातला निकाल असाच लागतो असे नाही. किती मुलींचे शिक्षण अशाच एखाद्या ईदनंतर थांबते, हे बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे आणि हे दुखणे एका समाजाचे नाही. लेकीला एवढ्या लांब ठेवायचे कशाला, हा प्रश्न ऊसतोडीला जाणाऱ्या घरात, शेतकऱ्याच्या घरात, दुकानदाराच्या घरात सारखाच विचारला जातो. तो विचारणारा बाप बहुधा वाईट नसतो. त्याने ती जागा पाहिलेली नसते, एवढेच. न पाहिलेल्या जागेबद्दल लोक जे सांगतात, ते त्याला खरे वाटते.

म्हणून बाहेरगावी शिकणाऱ्या मुलामुलींनी आई-वडिलांना एकदा बोलवावे. मकबरा जरूर दाखवावा, पण आधी नोंदवही, मेस आणि ग्रंथालयातली खुर्ची दाखवावी. लपवलेले कष्टही दाखवावेत. आणि आई-वडिलांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारण्याआधी एसटी पकडावी. रमजान चालू आहे, पाडव्याची सुट्टीही येते आहे. गेवराईच्या त्या मुलीचे आई-वडील पाडव्यालाच येणार आहेत. वसतिगृहातून निघून पाणचक्कीवरून शहागंजपर्यंत कसे न्यायचे, हे तिने आता पाहून ठेवले आहे.