शेरीफ : राजाचा की आपला?

'शेरीफ' म्हटलं की वेस्टर्न सिनेमातला, छातीवर चांदणी आणि कमरेला पिस्तूल लावलेला घोडेस्वार डोळ्यांपुढे येतो. पण मंडळी, हा शब्द मूळचा अमेरिकन नव्हे. तो हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडचा. 'शायर' म्हणजे परगणा आणि 'रीव्ह' म्हणजे कारभारी. 'शायर-रीव्ह' झिजत झिजत 'शेरीफ' झाला. यॉर्कशायरमध्ये तो शायर अजून शिल्लक आहे.

राजाचा सारा वसूल करायचा, चोर धरायचे, हुकूम रयतेपर्यंत पोचवायचा, हे त्याचं काम. आपल्याकडे गावात पाटील आणि परगण्यात देशमुख साधारण हेच करीत. सत्ता आली की जुलूमही आला. रॉबिन हूडच्या गोष्टींतला खलनायक नॉटिंगहॅमचा शेरीफ आहे, तो उगाच नाही. १२१५ सालच्या मॅग्ना कार्टात तर चक्क कलम आहे : शेरीफनं कुणाचे घोडे वा गाड्या मालकाच्या संमतीवाचून नेऊ नयेत!

इंग्रजांबरोबर हा हुद्दा मुंबईलाही आला. डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ साली मुंबईचे शेरीफ होते. १९९४ साली हा मान सुनील गावसकरांना मिळाला. मराठीत त्याला 'नगरपाल' म्हणतात. तो वर्षभराचा मान, पाहुण्यांच्या स्वागताचा. पण मुंबई उच्च न्यायालयातल्या शेरीफच्या कचेरीला मात्र खरं काम असे : समन्स बजावायचे, कर्जापायी अडकलेल्या जहाजांचा लिलाव करायचा.

अमेरिकेत गोष्ट उलटी. व्हर्जिनियात १६३४ साली आठ शायर पाडले गेले, आणि मागोमाग शेरीफही आला. पुढे राजा गेला, शेरीफ राहिला. आता बहुतेक राज्यांत त्याला लोक निवडून देतात. काउंटीचा तुरुंग बहुधा त्याच्याच ताब्यात असतो. भाडं थकलेल्याला घराबाहेर काढायला त्याचेच शिपाई येतात. न्यू जर्सीसारख्या राज्यांत बँकेच्या कर्जात बुडालेल्या घराचा लिलाव त्याच्याच कचेरीतर्फे होतो. जिथे गावाचे स्वतःचे पोलीस नाहीत, तिथे नऊ-एक-एक फिरवलं की बहुधा शेरीफचीच गाडी दारात येते.

आणि आपण? आम्ही पाहतो, राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा यावर आपल्याकडे चहाचे चार-चार कप संपतात. मतपत्रिकेवर खालच्या ओळीपर्यंत जाईस्तोवर उत्साह संपलेला असतो. शेरीफची ओळ कोरीच राहते. काउंटीच्या तुरुंगांत देशभर ज्यांना ठेवलेलं असतं, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचा गुन्हा अजून शाबीतही झालेला नसतो. त्यांना औषध मिळतं का, घर सोडायला लावताना माणुसकी राहते का, हे व्हाइट हाउसमध्ये ठरत नाही.

पाटील कोण असावा हे रयतेला कधी विचारलं गेलं नाही. इथे विचारतात. तेव्हा नागरिकत्व घेतलेल्या मंडळींनी पुढच्या खेपेला उमेदवारांची नावं आधी वाचावीत, तुरुंगाबद्दल चार प्रश्न विचारावेत, आणि ती ओळ कोरी सोडू नये.