कर्करोगाची लसिकावाहिन्यांतील वाट

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात गाठीच्या आकारापेक्षा ती कुठवर पोहोचली आहे, याला अधिक महत्त्व असते. गाठीतील पेशी लसिकावाहिन्यांतून लगतच्या लसिकाग्रंथींत शिरल्या की रोग तिसऱ्या टप्प्यात गेल्याचे मानले जाते आणि शस्त्रक्रियेनंतर सामान्यतः केमोथेरपी सुचविली जाते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणातही हाच निकष होता.

पेशींना ही वाट मिळते कशी? ‘व्हीईजीएफ-सी’ व ‘व्हीईजीएफ-डी’ ही प्रथिने लसिकावाहिन्यांच्या वाढीस चालना देतात. अनेक गाठी हीच प्रथिने स्रवतात. म्हणजे स्वतःच्या प्रसाराचा रस्ता जणू स्वतःच बांधून घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली या वाहिन्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांहून वेगळ्या ओळखणे कठीण असते. त्यांच्या अस्तरावरील ‘पोडोप्लॅनिन’ हे प्रथिन रंगविले, की त्या स्पष्ट दिसतात व त्यांत शिरलेल्या कर्कपेशीही ओळखता येतात.

रक्तातील ‘सीईए’ हे प्रथिन रुग्णांच्या अधिक परिचयाचे. मॉन्ट्रियल येथे फिल गोल्ड व सॅम्युअल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये ते शोधले. शस्त्रक्रियेनंतर खाली आलेले त्याचे प्रमाण पुन्हा वाढू लागल्यास रोग उलटल्याची शंका घेतली जाते. मात्र धूम्रपानाने किंवा आतड्याच्या दाहानेही ते वाढते आणि काही रुग्णांत रोग असूनही वाढत नाही. त्यामुळे ग्रंथींत रोग शिरला आहे की नाही, याचा निर्वाळा केवळ ‘सीईए’वरून देता येत नाही.

तो निर्वाळा काढलेल्या ग्रंथींच्या तपासणीतूनच मिळतो. किमान १२ ग्रंथी तपासाव्यात, असा संकेत आहे. त्याहून कमी तपासल्यास रोगग्रस्त ग्रंथी नजरेतून सुटण्याचा धोका राहतो.

ग्रंथी निर्दोष आढळल्या तरी पूर्ण निश्चिंती नसते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे ६५ टक्के रुग्णांमध्ये ग्रंथींतील आणि दूरच्या अवयवांतील गाठी मूळ गाठीतील वेगवेगळ्या पेशीसमूहांपासून उपजल्याचे दिसले. म्हणजे यकृताकडे जाणारा रोग दरवेळी ग्रंथींतूनच जातो, असे नाही.

म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरच्या पॅथॉलॉजी अहवालात किती ग्रंथी तपासल्या, त्यांपैकी किती बाधित आढळल्या आणि वाहिन्यांत कर्कपेशी दिसल्या का, या तीन नोंदी रुग्णाने डॉक्टरांकडून आवर्जून समजून घ्याव्यात. पुढील उपचारांचा निर्णय बव्हंशी त्यांवरच अवलंबून असतो.