बांधलेल्या गठ्ठ्याची तपासणी

नांदेडच्या संगणकावर चालणारी आज्ञावली लातूरला नेली की कधी कधी अडते. तिला लागणाऱ्या साहाय्यक आज्ञावल्या तेथे नसतात किंवा वेगळ्या आवृत्तीच्या असतात. म्हणून सगळे सामान एकाच गठ्ठ्यात बांधून पाठवतात. हा गठ्ठा म्हणजे ‘कंटेनर इमेज’. ती साच्यासारखी असते. तिच्यातून चालू होणारी प्रत म्हणजे कंटेनर. २०१३ साली आलेल्या ‘डॉकर’मुळे ही पद्धत रूढ झाली.

पण गठ्ठ्याबरोबर आतले दोषही प्रवास करतात! डिसेंबर २०२१ मध्ये नोंदी ठेवणाऱ्या ‘लॉग४जे’ या साहाय्यक आज्ञावलीत मोठे छिद्र उघड झाले. विशिष्ट मजकूर नोंदवला गेला, की परका माणूस त्या संगणकावर आपली आज्ञावली चालवू शकत असे.

असे दोष शोधतात कसे? लातूरच्या आडत बाजारात पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे पाहतात. येथे नमुना पुरत नाही. ‘ट्रिव्ही’सारखी तपासणी-आज्ञावली आत सापडणाऱ्या प्रत्येक घटकाचे नाव व आवृत्ती ज्ञात दोषांच्या यादीशी ताडून पाहते. ‘सीव्हीई’ ही अशी यादी १९९९ पासून ठेवली जाते. यादीत नसलेला दोष मात्र अशा ताडणीत दिसत नाही.

दोष सापडल्यावर चालू कंटेनरला ठिगळ लावून भागत नाही. जुन्या इमेजमधून नवा कंटेनर निघाला, की दोष परत येतो. म्हणून सुधारित आवृत्ती घालून इमेजच नव्याने बांधायची आणि पुन्हा तपासायची. लॉग४जेची २.१५.० ही दुरुस्ती अपुरी ठरली. त्याच महिन्यात २.१६.० व २.१७.० काढाव्या लागल्या.

तेव्हा आज निर्दोष ठरलेला गठ्ठा उद्याही तपासा. गठ्ठा तोच असतो, यादी वाढलेली असते.