गाडी वर गेली. पण वरच राहील ना?

रत्नागिरीत गाडी बाळगायची म्हणजे तिच्या पोटाखाली काय चाललंय, याची खबर ठेवावीच लागते. हवेत समुद्राचं मीठ, जून ते सप्टेंबर थांबायचं नाव न घेणारा पाऊस, चाकांनी उडवलेला लाल चिखल आणि हायवेवरचे खड्डे. हे सगळं आधी गाडीच्या खालच्या पत्र्याला आणि सस्पेन्शनला कळतं, आपल्याला नंतर. मग एक दिवस खालून ‘खडखड’ ऐकू येते आणि आपण मोबाइलचा टॉर्च घेऊन गाडीशेजारी आडवे होतो. दिसत काहीच नाही.

नेमकं तेव्हाच एखादं रील समोर येतं. चाकांवर ढकलत आणलेली लोखंडी कैची गाडीखाली सरकते, बटण दाबलं की गाडी कमरेपर्यंत वर! हलवता येणारी कार लिफ्ट. घरच्या घरी गॅरेज. वाटतं, आपल्याकडेही हे हवंच.

पण थांबा. आपल्याकडे ‘गॅरेज’ म्हणजे गाडी टाकून येतो ते मेकॅनिकचं दुकान. घरी आपल्याकडे असतं ते खळं, पोर्च, नाहीतर पत्र्याची शेड. रीलमधली ती लिफ्ट सपाट काँक्रीटवर उभी असते. आपली कशावर उभी राहणार? लिफ्ट घ्यायची की नाही, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

उचलणं वेगळं, धरून ठेवणं वेगळं

अकरावी-बारावीत पास्कलचा नियम पाठ केला होता, आठवतोय? बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. लहान पिस्टनवर थोडा जोर दिला की मोठा पिस्टन प्रचंड वजन उचलतो. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने याच तत्त्वावरच्या प्रेसचं पेटंट घेतलं. पुढे अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात पीटर लुनाती नावाच्या मेकॅनिकने गाडी उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट बनवली. सलूनमधली वर-खाली होणारी खुर्ची बघून त्याला ती कल्पना सुचली, असं सांगतात. १९२५ सालची ही गोष्ट. आज तुम्ही बघता त्या बहुतेक लिफ्ट तिच्याच नात्यातल्या.

आता मुद्दा असा, की या सगळ्यात वजन पेलणारं असतं तेल. आणि ते तेल जागेवर धरून ठेवणारी असते रबराची एक सील. सील झिजली, पाइप फुटला, व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, की तेल सरकतं आणि गाडी खाली येते. कधी हळूहळू, कधी एकदम.

म्हणून गॅरेजचा पहिला नियम आहे : जॅक गाडी उचलतो, धरून ठेवत नाही. धरून ठेवायला पोलाद लागतं. साध्या जॅकच्या बाबतीत ते काम जॅक स्टँड करतात, ज्याला मेकॅनिक लोक ‘घोडी’ म्हणतात. लिफ्टमध्ये तेच काम दातेरी पट्टीचं लॉक करतं. लिफ्ट वर जाताना ‘खट्ट, खट्ट’ आवाज येतो ना, तो त्याचाच. हवी ती उंची आली की लिफ्ट किंचित खाली घेऊन सगळं वजन त्या लॉकवर बसवायचं. लॉकवर न बसवलेली लिफ्ट म्हणजे महागातला जॅक. तिच्याखाली जायचं नाही.

आणि पोलादावरही डोळे झाकून विसंबू नका. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या हत्यारं विकणाऱ्या कंपनीला सुमारे १७ लाख जॅक स्टँड परत मागवावे लागले. दात नीट अडकत नव्हते, धक्का लागला तर स्टँड घसरू शकत होता. म्हणूनच अनुभवी मेकॅनिक काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवतो. सगळं फसलं तरी गाडी चाकावर थांबेल, माणसावर नाही.

आधी जमीन बघा

लिफ्टचा कॅटलॉग उघडण्याआधी घरासमोर या. एक बादली पाणी ओता आणि बघा कुठे पळतंय. पोर्चला पावसाचं पाणी निघून जावं म्हणून गवंड्याने मुद्दाम ढाळ दिलेला असतो. पावसाळ्यात तो ढाळ उपयोगाचा, लिफ्टसाठी मात्र धोक्याचा. गाडी उंच जाते तसा तिचा तोल त्या ढाळाच्या बाजूला झुकत जातो.

सारवलेलं खळं किंवा मातीची जागा तर बादच. स्टँडचे पाय लहान असतात आणि त्यांच्यावर काही शे किलो येतात. एका पावसाने भिजलेल्या मातीत ते सरळ रुततात, तेही चारही सारखे नाहीत. पेव्हर ब्लॉक वरून सपाट दिसतात, पण खाली वाळू असते. एक ब्लॉक दबला की स्टँड कलंडला.

आणि आपला लाडका जांभा? चिरा भिंतीत उत्तम, कारण तिथे वजन सगळीकडे पसरलेलं असतं. पण गाडीची लोखंडी कड एकाच रेषेत त्याच्यावर टेकली की तो न सांगता तडकतो. पोलाद वाकताना दिसतं, पळायला क्षणभर तरी वेळ देतं. चिरा, वीट, सिमेंटचा पोकळ ब्लॉक देत नाही. त्यामुळे ‘चार चिरे लावू आणि खाली जाऊ’ हा विचार मनातून काढून टाका.

ट्रॉली जॅकची एक गंमत बहुतेकांना माहीत नसते. त्याचा हात वर जाताना सरळ रेषेत जात नाही, कमानीत जातो. म्हणून गाडी वर जाताना जॅकला स्वतःच्या चाकांवर थोडं पुढे-मागे सरकावं लागतं. गुळगुळीत काँक्रीटवर तो सरकतो. फरशीच्या सांध्यात किंवा खडीत चाक अडकलं, तर जॅक जागेवर राहतो आणि त्याची वाटी गाडीखालून निसटते.

थोडक्यात, सपाट, बिनभेगांचं, चांगलं जाड काँक्रीट असेल तरच पुढचं वाचा. नसेल तर आधी गवंडी, मग लिफ्ट.

‘मग एसटीच्या डेपोसारखा खड्डाच खणू की!’ असंही कुणीतरी सुचवेल. कोकणात पावसाळ्यात त्या खड्ड्याची विहीर होते. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साठून राहते. एक ठिणगी पुरे. घरासाठी खड्डा नकोच.

कोणती, कोणासाठी?

तुमचं काम काय आहे, ते आधी लिहून काढा. चाकं बदलणं, ब्रेक पॅड बघणं, पावसाळ्याआधी खाली अँटी-रस्ट मारणं एवढंच असेल, तर चांगला ट्रॉली जॅक आणि स्टँडच्या दोन जोड्या पुरतात. लिफ्टच्या मानाने खर्च अगदीच कमी आणि कोपऱ्यात मावतात.

त्यावरची पायरी म्हणजे दोन सुट्या चौकटींची लिफ्ट. एकेक चौकट गाडीच्या दोन्ही बाजूंनी आत सरकवायची, पंप वेगळा. गाडी साधारण अर्धा मीटर वर जाते. झोपून काम करता येतं, काम झालं की चौकटी भिंतीला उभ्या करून ठेवता येतात. घरासाठी हीच जास्त सोयीची.

तिसरी म्हणजे रीलमधली कैची. ती गाडीला मीटर-सव्वा मीटर वर नेते. पण तिचं स्वतःचं वजनच काही शे किलो असतं. ‘हलवता येणारी’ याचा अर्थ गुळगुळीत जमिनीवर हलवता येणारी. उंबरठ्यावरून किंवा खळ्यातून ती ढकलता येणार नाही.

दुकानात जाताना चार मापं घेऊन जा.

पहिलं, गाडीचं वजन. जुनी ऑल्टो पाऊण टनाच्या आसपास, स्विफ्ट नऊशे किलोच्या आसपास, तर इनोव्हा क्रिस्टा पावणेदोन टनांच्या पुढे. घरातल्या सगळ्यात जड गाडीचा विचार करा आणि वर भरपूर जागा सोडा. दोन टनांच्या गाडीला दोन टनांची लिफ्ट घेऊ नका.

दुसरं, टेकू द्यायच्या जागांमधलं अंतर. गाडी कुठूनही उचलता येत नाही. दारांखालच्या कडेला, पुढच्या आणि मागच्या चाकाजवळ, मजबूत केलेल्या जागा असतात. त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या असतात. लिफ्टच्या गाद्या बरोबर तिथेच पोहोचायला हव्यात. ऑल्टोला पोहोचणारी लिफ्ट इनोव्हाला पुरेलच असं नाही. गादी चुकून फ्लोअरच्या पत्र्यावर टेकली तर पत्रा चेपतो, ब्रेकची किंवा पेट्रोलची नळी दबते. नेक्सॉनसारख्या इलेक्ट्रिक गाडीत तर खाली बॅटरी असते. तिच्यावर टेकू अजिबात नाही.

तिसरं, गाडीखालची मोकळी जागा. बंद केलेली लिफ्ट त्यात शिरली पाहिजे.

चौथं, डोक्यावरचं छत. थारसारखी गाडी सुमारे १.८५ मीटर उंच. लिफ्टने १.२ मीटर उचलली की झाले तीन मीटरच्या वर, म्हणजे दहा फूट. पोर्चच्या स्लॅबला टप आपटायला वेळ लागणार नाही.

वीज, मीठ आणि पाऊस

बऱ्याच लिफ्टना २.२ किलोवॉटची, म्हणजे तीन हॉर्सपॉवरची मोटर असते. घरात सिंगल फेज आहे की थ्री फेज, ते आधी विचारा. सिंगल फेजवर चालणारी मोटर असली तरी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, नीट अर्थिंग आणि शॉक बसायच्या आत वीज तोडणारा ब्रेकर हवाच. टीव्हीची एक्स्टेन्शन बोर्ड लावून लिफ्ट चालवू नका. वायर तापते आणि मोटर रडते.

पावसाळ्यात लाइट जाणार, हे आपण गृहीतच धरतो. गाडी वर असताना गेली तर? वजन लॉकवर असेल तर काही होत नाही. पण हाताने खाली आणायचा व्हॉल्व्ह कुठे आहे, तो कसा उघडतो, हे विकणाऱ्याकडून प्रत्यक्ष करून दाखवून घ्या. अंधारात मॅन्युअल वाचायची वेळ येऊ नये.

मिठाच्या हवेचा मार सगळ्यात आधी बसतो तो हायड्रॉलिकच्या चकचकीत दांड्यावर. त्याच्यावर गंजाचे बारीक खड्डे पडले की दर वर-खालीला ते सील कापत जातात. म्हणून काम झालं की लिफ्ट पूर्ण खाली आणून ठेवायची, म्हणजे दांडा आत राहतो. पिनांना ग्रीस लावायचं. जमिनीवर तेलाचा थेंब दिसला तर ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणायचं नाही. त्या दिवसापासून लिफ्ट बंद.

वर नेताना, खाली आणताना

गाडी मधोमध उभी करा. आत कोणी बसलेलं नको, डिकीत सामान नको. चारही गाद्या जागेवर आहेत ना, ते खाली वाकून स्वतः बघा. मग लिफ्ट एवढीच वर घ्या की चाकं जमिनीपासून जेमतेम सुटतील. थांबा. गाडीला कडेने जोराने हलवून बघा. डुलली, कुरकुरली, तर खाली घ्या आणि पुन्हा लावा. पडायचीच असेल तर ती या उंचीवर पडू दे.

मग हव्या त्या उंचीवर नेऊन लॉकवर बसवा. दोन्ही बाजूंची लॉक बसली का, ते आवाजावरून ठरवू नका, डोळ्यांनी बघा. इंजिन किंवा गिअरबॉक्ससारखा जड भाग काढणार असाल, तर लक्षात ठेवा, तोल बदलतो. ते काम घरी करायचं नाही.

खाली आणताना आधी लिफ्ट थोडी वर घ्यावी लागते, तेव्हा लॉक सुटतं. त्याआधी पान्हे, डबे, मांजर आणि शेजारचं पोरगं यांपैकी गाडीखाली काही राहिलेलं नाही ना, ते बघा.

लिफ्ट नसेल आणि नुसता जॅक वापरत असाल, तर आणखी एक गोष्ट. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. तुम्ही मागची बाजू उचललीत, की तो हँडब्रेक काहीच धरत नाही. गाडी पुढच्या चाकांवर घरंगळू शकते. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही.

गाडीखाली जाण्याआधी पाच प्रश्न

• जमीन सपाट, कोरडी आणि पक्की आहे का?
• वजन तेलावर आहे की पोलादावर?
• हे सगळं फसलं, तर गाडी कशावर थांबेल?
• मी इथे आहे, हे घरात कुणाला माहीत आहे का? सोबत कोणी आहे का?
• हे काम गाडीखाली न जाता होण्यासारखं आहे का?

यातल्या एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं, तर गाडी सरळ मेकॅनिककडे न्या. त्यात कमीपणा काही नाही. आयटीआयमधला मोटार मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा असतो, तो उगाच नाही. तुमच्या ओळखीचं कोणी तिथे किंवा पॉलिटेक्निकला असेल, तर एक दिवस त्यांच्यासोबत वर्कशॉपमध्ये जाऊन बघण्याची परवानगी मिळते का, ते विचारा. लॉकचा तो ‘खट्ट’ एकदा जवळून ऐकलेला बरा.

आणि हो, सगळ्यात धोकादायक वाक्य लिफ्टच्या मॅन्युअलमध्ये सापडत नाही. ते आपल्या खळ्यात बोललं जातं : “दोन मिनिटांचं काम आहे रे, जॅकवरच बघतो.” बोलणारे बहुतेकदा घरातले मोठे असतात. पस्तीस वर्षं गाडी चालवलेले, आपल्याला गिअर टाकायला शिकवलेले. त्यांना उलट बोलायचं नसतं. नका बोलू. फक्त टॉर्च त्यांच्या हातात द्यायच्या आधी एवढंच म्हणा, “काका, एक मिनिट. आधी घोडी लावूया.”