रमजानचे घड्याळ आणि चिमुकल्यांची झोप

आपल्या देशात घड्याळाचे काटे कुणी पुढे-मागे करत नाही. ब्रिटनमध्ये मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळी घड्याळे एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा एक तास मागे येतात. कोकणातून जाऊन तिथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना हे चांगले ठाऊक आहे. मार्चमधल्या त्या रविवारी रात्री आठ वाजता मुलाला अंथरुणावर घातले, तर त्याच्या शरीराच्या हिशेबाने सातच वाजलेले असतात. ते टक्क जागे असते आणि सकाळी शाळेसाठी उठवताना रडारड होते. २०२५ मध्ये तर ३० मार्चच्या पहाटे तिथले काटे पुढे सरकले आणि तिथल्या अनेक मशिदींत त्याच दिवशी ईदची नमाज झाली. मोरोक्कोत उलटे आहे. तिथे २०१८ पासून घड्याळ वर्षभर एक तास पुढे असते, आणि फक्त रमजानसाठी सरकार ते एक तास मागे घेते.

आपल्याकडे सरकार घड्याळाला हात लावत नाही, पण रमजानचा चाँद दिसला की आपल्या घरातले घड्याळ बदलतेच. रात्रीचे जेवण इफ्तारला जोडले जाते. इशानंतर तरावीह, त्यानंतर गप्पा, बाजार, पाहुणे. पहाटे साडेचारला पुन्हा भांड्यांचा आवाज. मोठ्यांनी हा बदल समजून-उमजून, सवाबच्या आशेने स्वीकारलेला असतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला मात्र कुणी विचारलेले नसते. एरवी साडेआठला झोपणारे मूल साडेदहा-अकरापर्यंत जागे राहते आणि सकाळी शाळेची वेळ तीच असते.

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न एवढा जाणवत नव्हता. २०१८ आणि २०१९ चा रमजान मे महिन्यात सुरू झाला होता. शाळांना सुट्टी होती, मुले सकाळी उशिरापर्यंत झोपत होती. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये तो मार्चमध्ये आला आणि आता पुढची काही वर्षे तो फेब्रुवारी-जानेवारीत, म्हणजे ऐन शाळेच्या दिवसांत येणार आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले, हे बरेच झाले. मुलांची झोप पुरी व्हावी हाच त्यामागचा विचार होता. पण सकाळचा तास वाचला आणि रात्रीचे दोन गेले, तर त्याचा उपयोग काय?

झोप किती हवी?

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून ११ ते १४ तास, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी, असे झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. लहानांच्या तासांत दुपारची झोपही धरलेली आहे.

झोप कमी पडली की मोठे माणूस पेंगते. लहान मूल बऱ्याचदा उलट वागते. ते जास्तच उड्या मारते, हट्ट करते, भावंडांना मारते, जेवताना ताट ढकलते. आपल्याला वाटते, रमजानात याच्या अंगात काय शिरले आहे! दिवसभर रोजा, वर इफ्तारची तयारी, त्यात हे. मग एखादी चापट बसते. खरे तर त्या मुलाला झोप हवी असते.

इथे प्रश्न फक्त तब्येतीचा नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या मनात रमजान म्हणजे काय, हे याच दिवसांत ठरत असते. खजूर, अजानची वाट पाहणे, अब्बांच्या शेजारी उभे राहून केलेला सिजदा, हे त्याला आठवावे. की रोजची रडारड आणि अम्मीची चिडचिड? हे बरेचसे त्याच्या झोपेवर अवलंबून आहे.

प्रेषितांच्या काळातली मुले

सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. एका रात्री प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना इशाच्या नमाजसाठी बाहेर यायला बराच उशीर झाला. तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी हाक देऊन सांगितले की स्त्रिया आणि मुले झोपी गेली आहेत. प्रेषित (सल्ल.) बाहेर आले. उशिराची ही वेळ उत्तम आहे, पण लोकांना ती जड जाईल म्हणून आपण तिचा आग्रह धरत नाही, असा आशय त्यांनी मांडला. नमाजमध्ये मुलाच्या रडण्याचा आवाज आला, तर त्याच्या आईचा जीव कासावीस होऊ नये म्हणून ते नमाज आटोपती घेत, हेही हदीसमध्ये आले आहे.

इबादतीच्या वेळीही मुलांची झोप आणि आईची घालमेल लक्षात घेतली जात होती. म्हणून मुलाला वेळेवर झोपवण्यासाठी थांबलेली आई किंवा थांबलेला बाप रमजानच्या बरकतीला मुकतो, असे मानण्याचे कारण नाही.

काटा सरकला तरी क्रम सोडू नये

लहान मुलाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. आधी हे, मग ते, त्यानंतर झोप. म्हणून रमजानात झोपेची वेळ थोडी सरकली तरी झोपण्यापूर्वीचा क्रम रोज तोच ठेवावा. इफ्तार आणि मगरिबनंतर मुलाचे पोटभर जेवण उरकावे. ते तळणावर भागवू नये. वरणभात, खिचडी असे काही साधे द्यावे. मग दात घासणे, हातपाय धुणे, हवे तर वुजू. मग दिवे मंद करून एखाद्या नबींची गोष्ट. शेवटी तिन्ही कुल म्हणून, हातांवर फुंकर मारून ते अंगावरून फिरवणे. ही प्रेषितांची (सल्ल.) सुन्नत आहे आणि लहान मुलांना ती फार आवडते. हा क्रम अर्ध्या तासात होतो. गावी गेलो, पाहुणे आले, तरी तो सोबत नेता येतो.

वेळ किती सरकू द्यावी, याला मर्यादा हवी. आम्ही एक तास सुचवू. साडेआठला झोपणारे मूल फार तर साडेनऊला. बहुतेक मशिदींत या वेळी तरावीह चालू असते. म्हणजे घरातल्या कुणीतरी मुलाजवळ थांबायला हवे, आणि ते दररोज आईनेच का? तरावीह घरीही अदा करता येते. आठवड्यातले काही दिवस वडिलांनी मुलाला झोपवून मग घरी नमाज अदा केली, तर आईला जमातीत किंवा घरच्या घरी निवांत उभे राहता येईल. दादी-नानी असतील तर गोष्टीचा भाग त्यांच्याकडे द्यावा.

मुलांना रमजानची रात्र दाखवायलाच हवी. मशिदीची रोषणाई, मोहम्मद अली रोडची किंवा आपल्या गावच्या बाजाराची गजबज त्यांनीही पाहावी. त्यासाठी शनिवारची रात्र ठेवावी आणि दुसऱ्या सकाळी त्याला नेहमीपेक्षा फार तर एक तास जास्त झोपू द्यावे.

सहरीचा आवाज

एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या घरात सहरीला मुले न उठणे कठीण, पण थोडी काळजी घेता येते. भाजी-पीठ रात्रीच तयार ठेवावे. भांडी आदल्या रात्री काढून ठेवावीत. गजराऐवजी फोनची थरथर उशाखाली ठेवावी. मोठा दिवा न लावता स्वयंपाकघरातला छोटा दिवा पुरतो.

काही मुले हट्टाने उठतात, कारण सगळे जागे असताना आपण झोपलेलो असणे त्यांना आवडत नाही. त्यांना आठवड्यातून एक दिवस ठरवून सहरीला बसवावे. बाकीच्या दिवशी त्यांच्या नावाचा एक खजूर बाजूला काढून सकाळी द्यावा. सहरीला उठलेल्या मुलाला फजरनंतर पुन्हा तासभर झोपवावे. दुपारची झोप असरपूर्वी संपवावी, नाहीतर रात्र लांबते.

मूल झोपावे म्हणून सर्दी-खोकल्याचे औषध पाजण्याची सवय काही घरांत आढळते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मुळीच करू नये. मूल रोज मोठ्याने घोरत असेल किंवा झोपेत श्वास अडकत असेल, तर ते रमजानमुळे नाही; डॉक्टरांना दाखवावे.

ईदनंतर परत रुळावर

चाँदरात आणि ईद या दिवशी मुलांच्या झोपेचा हिशेब मांडू नये. पण ईदनंतर लगेच कामाला लागावे. इथे ब्रिटनमधले आईबाप काटे बदलण्याच्या वेळी जे करतात ते उपयोगी पडते. ते एका रात्रीत तास भरून काढत नाहीत. दररोज दहा-पंधरा मिनिटे वेळ सरकवत चार ते सहा दिवसांत तास गाठतात. साडेनऊला झोपणारे मूल आज सव्वानऊला, उद्या नऊला, असे करत चार दिवसांत साडेआठला येते. वेळ दोन तास घसरली असेल तर आठ दिवस धरावेत. जेवण आणि अंघोळीची वेळही तेवढीच अलीकडे आणावी.

सुरुवात रात्रीपासून नव्हे, सकाळपासून करावी. झोपेची वेळ मुख्यतः उजेडावर ठरते. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवू लागते आणि झोप येते. डोळ्यांवर प्रखर उजेड असला की ते उशिरा स्रवते. म्हणून सकाळी ठरलेल्या वेळी उठवून मुलाला गच्चीत, अंगणात किंवा निदान खिडकीपाशी उजेडात न्यावे. मगरिबनंतर घरातले दिवे कमी करावेत आणि झोपेआधी तासभर मोबाईल व टीव्ही बंद ठेवावा. ईदचे व्हिडिओ कॉल दुपारी उरकावेत. आखातातल्या नातेवाइकांचे घड्याळ आपल्या मागे असते; त्यांची संध्याकाळ ही आपल्या मुलांची झोपेची वेळ असते, हे त्यांना मोकळेपणाने सांगावे.

चार दिवसांत सारे सुरळीत झाले नाही तरी चिडू नये. एखादे मूल आठवडा घेते, एखादे दोन.

मुले ही अल्लाहने आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे आणि रात्र त्यानेच विसाव्यासाठी बनवली आहे. या रमजानात आपल्या इबादतीबरोबर त्यांच्या विसाव्याचीही काळजी घेण्याची तौफीक अल्लाह आपल्या सर्वांना देवो. आमीन.