गाठ नको, वीण हवी

अलास्कात अँकरेजहून नोमला जाणारी इडिटारॉड शर्यत १९७३पासून होते. अंतर सुमारे १६०० किलोमीटर. बर्फावरची घसरगाडी ओढतात कुत्री, पण सगळा ताण येतो तो मधल्या मुख्य दोरावर.

तिथे नायलॉन फारसं कामाचं नाही. ते पाणी पितं आणि गोठून ताठ होतं. पॉलिएथिलीन पाणी शोषत नाही, म्हणून लवचीक राहतं. हा दोर आतून पोकळ विणलेला असतो. जोड द्यायचा तर दुसरं टोक त्या पोकळीत सरकवायचं. ताण आला की वीण आवळते आणि टोक गच्च धरून ठेवते. गाठ मारली तर दोराची ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते. शिवाय गोठलेली गाठ हातमोजे घालून सोडवायची कोणी?

कुत्र्याचा गळपट्टा मुख्य दोराला जोडणारी गळ्याची दोरी मात्र मुद्दाम बारीक ठेवतात. कुत्रं झाडाच्या भलत्याच बाजूने गेलं, तर दोरी तुटावी, मान वाचावी.

खरा शत्रू थंडी नव्हे, दात! कंटाळलेलं कुत्रं बघता बघता दोर कुरतडतं, म्हणून काहीजण आत पोलादी तार घालतात. तरीही प्रत्येक फेरीनंतर दोर बोटांनी चाचपायचा आणि कुरतडलेला भाग त्याच दिवशी बदलायचा.